डागाचे माप

दिवाळी जवळ आली की मराठी घरात दोन पंचांगे उघडली जातात. एक भिंतीवर टांगलेले असते. वसुबारस कधी, नरकचतुर्दशी कोणत्या वारी, लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त किती वाजता, हे त्यात कोणीही पाहावे. दुसरे घरातल्या बाईच्या मनात असते आणि ते ती कोणास दाखवीत नाही. करंज्यांना हात कोणी लावायचा, देवघरात कोणी शिरायचे, पाडव्याला माहेरी जायचे की नाही, हे पुष्कळ घरांत आजही या दुसऱ्या पंचांगावर ठरते. हिशेब जुळला नाही तर औषधांच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या येतात, आणि पुष्कळदा त्या डॉक्टरांना न विचारताच घेतल्या जातात.

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाला वाटेल. त्यांना एवढेच विनवावयाचे की, ज्या वस्तूवाचून घरातल्या अर्ध्या माणसांचे महिन्यातले चार दिवस भागत नाहीत, तिचा इतिहास अंकातून गाळला म्हणून घरातून गळत नाही. आपण चुलीचा इतिहास लिहिला, जात्याचा लिहिला, दिव्याचा लिहिला. पाळीच्या घडीचा मात्र फारसा कोणी लिहिला नाही. ती अंगाला सोसते की अपाय करते, याची चौकशी राजसत्तेने केव्हा आणि कशी केली, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक आहे. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम विटाळाची गोष्ट. ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसणे आपल्याकडे किती जुने, हे सांगणे कठीण. पण त्याला विरोधही जुनाच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना समजावले होते की, नाका-डोळ्यांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही एक देहाचा धर्म. त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही. पुढच्या शतकात चोखामेळ्याच्या सोयराबाईने अभंगातून हाच प्रश्न उलटा विचारला: विटाळातूनच ज्या देहाची घडण झाली, त्याला विटाळ कोणाचा? आमच्या मराठवाड्याच्या मातीत महानुभाव पंथ वाढला, आणि आमच्या हिंगोलीच्या नरसीत नामदेवांचे नाव निघते. विचार आमच्या दाराशी सातशे वर्षे बसून होता. पण घरातली बाई उंबऱ्याबाहेरच बसत राहिली.

बाहेर बसलेल्या बाईपाशी काय असे? जुन्या लुगड्याचे धडपे. हे साधन तुच्छ नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. नऊवारी सुती लुगडे वर्षानुवर्षे धुऊन धुऊन मऊ होते, ओल चांगली धरते आणि अंगाला लागत नाही. खोट होती ती कापडात नव्हे, कापड लपविण्यात. ते धुवायचे काळोखात, वाळत घालायचे दुसऱ्या कपड्यांखाली नाहीतर गोठ्याच्या वळचणीला, जेथे कोणाची नजर पडू नये. जेथे नजर पडत नाही तेथे ऊनही पडत नाही, आणि जंतूंचा सर्वांत स्वस्त वैरी म्हणजे ऊन. तशात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन, टेरिकॉट आणि पुढे पॉलिएस्टरच्या साड्या खेडोपाडी आल्या. दिसायला झकपक, धुवायला हलक्या. पण त्यांचे धडपे ओल शोषीत नाहीत. सुती लुगडे मागे पडले तसे गरिबाघरच्या बाईचे हे फुकटचे साधनही मागे पडले. साड्यांच्या बाजारात झालेल्या या उलथापालथीने तिच्या अंगावर काय परिणाम केला, हे मोजायला त्या वेळी कोणी बसले नव्हते.

कारखान्यात तयार होणारी घडी ही पहिल्या महायुद्धाची देणगी. जखमी सैनिकांसाठी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखे मऊ आणि शोषक द्रव्य करण्यात आले होते. युद्धभूमीवरच्या परिचारिकांनी ते आपल्या पाळीसाठी वापरून पाहिले आणि त्यांना ते सोयीचे वाटले. युद्ध संपल्यावर, १९२०-२१च्या सुमारास, अमेरिकेत त्याच द्रव्याच्या घड्या ‘कोटेक्स’ या नावाने दुकानांत आल्या. बायकांना दुकानदाराशी बोलण्याचा संकोच. म्हणून काही दुकानांत घड्यांचे खोके आणि पैसे टाकायची पेटी शेजारी शेजारी ठेवीत. पैसे टाकावे, खोके उचलावे, एक शब्द बोलू नये. आपल्याकडच्या दुकानांत आजही हे पुडके वर्तमानपत्रात नाहीतर काळ्या पिशवीत गुंडाळून मिळते. संकोचाला देश नसतो.

त्या काळात एक चांगली गोष्टही घडली. एका अमेरिकन कंपनीने लिलियन गिलब्रेथ या बाईंना या वस्तूची पाहणी करायला सांगितले. बाई अभियांत्रिकीतल्या नामांकित, आणि बारा लेकरांच्या आई. त्यांनी हजारावर स्त्रियांना प्रश्न विचारून जानेवारी १९२७ मध्ये अहवाल दिला. वस्तू वापरणारीलाच तिच्याविषयी विचारावे, ही गोष्ट आज साधी वाटते. पण पुढची कित्येक वर्षे सरकारांना ती सुचली नाही, म्हणून तिचे मोल.

आता आपल्या सरकारकडे वळू. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम आखणारा हा जगातला पहिला देश. मुंबईत परळला १९५४ साली संततिनियमनाची साधने तपासण्याचा विभाग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे प्रजननविषयक संशोधनाची मोठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचे काम मोलाचेच आहे. परंतु कोणता प्रश्न आधी विचारला गेला, हे लक्षात घ्यावे. लोकसंख्येच्या चिंतेने सरकार बाईच्या गर्भाशयापर्यंत पोहोचले. महिन्याच्या चार दिवसांत तिचे काय होते, हे विचारण्यासाठी मात्र कोणतेही मोठे निमित्त नव्हते.

घडीला सरकारी कागदावर जागा मिळाली ती १९६९ साली. त्या वर्षी भारतीय मानक संस्थेने सॅनिटरी नॅपकिनसाठी ‘आयएस ५४०५’ हे मानक प्रसिद्ध केले, आणि १९८० साली ते सुधारले. मानक म्हणजे वस्तू कशी असावी याची लेखी कसोटी. सिमेंटला असते, चहाला असते, तशी हिला मिळाली. १९८०च्या मानकातली मुख्य परीक्षा मोठी चित्रमय आहे. घडी सपाट ठेवावी. तिच्या मधोमध रंगीत पाणी किंवा मेंढी-बकरीचे न गोठणारे केलेले रक्त, मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने, एकूण ३० मिलिलिटर सोडावे. खालून वा बाजूने ते दिसता कामा नये. मग त्या जागी १ किलोचे वजन १ मिनिट ठेवावे. तरीही गळती होता कामा नये.

कसोटी कडक आहे, यात शंका नाही. सर्वसाधारण बाईच्या सबंध पाळीत जाणारे रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे असते. आणि येथे एकाच घडीला दोन मिनिटांत ३० मिलिलिटर पाजले जाते. त्या मानकात लांबी-रुंदी होती, आम्लता ६ ते ८.५ या मर्यादेत असावी असेही होते. पण सारा भर कशावर, ते पाहावे. डाग दिसता कामा नये! जी काळजी आई मुलीला शिकविते, आजी नातीला शिकविते, तीच काळजी सरकारने मिलिलिटरमध्ये आणि किलोत लिहून काढली. त्या घडीने अंगाला खाज सुटते काय, तिच्यात जंतू आहेत काय, तिच्यातली द्रव्ये कातडीतून आत जातात काय, हे प्रश्न अजून दूर होते. राजसत्तेने डागाचे माप घेतले; देहाचे घ्यायचे राहिले.

शोषण म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा धडा जगाला त्याच १९८० साली मिळाला, आणि तो फार महाग पडला. अमेरिकेत तरण्याताठ्या निरोगी बायका एकाएकी आजारी पडू लागल्या. सणकून ताप, अंगावर लाल चट्टे, रक्तदाब एकदम खाली, आणि काहींना मृत्यू. १९७८ साली डेन्व्हरचे डॉक्टर जेम्स टॉड यांनी अशाच लक्षणांच्या मुलांचे वर्णन करून या आजाराला ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ असे नाव दिले होते. आता तो पाळीतल्या बायकांत दिसू लागला. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्र हे तिथले सरकारी खाते. त्याच्या तज्ज्ञांनी साधी पण अचूक रीत धरली. आजारी बाई आणि तिच्याच वयाच्या निरोगी बायका यांना तेच प्रश्न विचारायचे: पाळीत काय वापरता, कोणत्या कंपनीचे, किती वेळ?

उत्तरे टॅम्पॉनकडे बोट दाखवीत होती. टॅम्पॉन म्हणजे शरीराच्या आत ठेवायची कापसाची सुरळी. आपल्याकडे ती फार थोड्या बायका वापरतात. सप्टेंबर १९८०च्या पाहणीत ५० आजारी बायकांपैकी शेकडा ७१ जणी ‘रिलाय’ या एकाच नावाचे टॅम्पॉन वापरीत होत्या. निरोगी बायकांत हे प्रमाण शेकडा २६ होते. २२ सप्टेंबरला कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. रिलायची जाहिरातच मुळी त्याच्या अफाट शोषणाची होती. त्यासाठी त्यात नव्या धर्तीची कृत्रिम द्रव्ये घातली होती. ते भरपूर शोषी, म्हणून बाई ते बराच वेळ बदलीत नसे. आणि तेवढ्या अवधीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूला आत विष तयार करायला अवसर मिळे. १९८० या एका वर्षात अमेरिकेत पाळीशी निगडित ८१३ रुग्ण नोंदले गेले, त्यांतल्या ३८ बायका दगावल्या. डागाच्या परीक्षेत जी वस्तू पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली असती, तीच देहाच्या परीक्षेत नापास झाली.

त्यानंतर तेथे वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक झाले. १९९० पासून सर्व कंपन्यांनी शोषणाची एकच सामाईक प्रतवारी छापावी असाही नियम आला, म्हणजे बाईला आपल्या गरजेपुरते कमीत कमी शोषणाचे साधन निवडता यावे. आजार पुष्कळ ओसरला. तरीही प्रश्न मिटला नाही. न्यूयॉर्कच्या लोकप्रतिनिधी कॅरोलिन मॅलोनी यांनी १९९७ पासून एक विधेयक वारंवार मांडले: या वस्तूंतल्या द्रव्यांचे दीर्घकालीन परिणाम सरकारी संशोधन संस्थेने तपासावेत. पुढे त्याला रॉबिन डॅनियलसन या १९९८ साली याच आजाराने गेलेल्या बाईचे नाव दिले. मॅलोनीबाईंची सभागृहातली मुदत २०२३च्या आरंभी संपली, तोवर ते कायदा होऊ शकले नाही. श्रीमंत देश झाला तरी या विषयाला रांगेत मागेच उभे करतात.

आपल्याकडे देहाचा प्रश्न प्रथम ठामपणे विचारला गेला तो सरकारी प्रयोगशाळेत नव्हे, तर गडचिरोलीच्या दोन खेड्यांत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार होता. आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात अवघ्या ८! हे आकडे वाचून जग चमकले. बायका दुखणे सांगत नव्हत्या याचे कारण दुखणे नव्हते असे नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

त्यानंतर हळूहळू सरकारी यंत्रणा हलली. २०११ साली केंद्राने १७ राज्यांतल्या १०७ जिल्ह्यांत आशाताईंच्या हाती ६ रुपयांत ६ घड्यांचे पुडके दिले. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांच्या मुलींना ५ रुपयांत ८ घड्यांचे पाकीट बचतगटांमार्फत मिळावे, असा तिचा संकल्प होता. मधल्या काळात एक गंमतही झाली. जुलै २०१७ मध्ये नवी करपद्धती आली तेव्हा कुंकू आणि बांगड्या करमुक्त राहिल्या, आणि या घडीवर मात्र शेकडा १२ कर बसला. देशभर ओरड झाली. वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, तो कर उठविण्यात आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते २४ वयाच्या मुलींत पाळीची स्वच्छ साधने वापरणाऱ्या २०१५-१६ साली शंभरात सुमारे ५८ होत्या; २०१९-२१ मध्ये त्या सुमारे ७८ झाल्या.

आणि २०१९ साली तो जुना आयएस ५४०५ पुन्हा सुधारला गेला. १९८० नंतर तब्बल ३९ वर्षांनी! या वेळी जंतूंच्या तपासणीला त्यात स्पष्ट जागा मिळाली. घडीचा स्पर्श कातडीला सोसतो की नाही, तिने दाह किंवा पुरळ उठते काय, याच्या चाचण्या आल्या. २०२१ साली धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी पॅडसाठी वेगळे मानक, आयएस १७५१४, निघाले. म्हणजे आजीच्या घडीलाही अखेर शास्त्राच्या दरबारी पाट मिळाला. परंतु मानक हे बंधन नसेल तर तो नुसता सल्ला ठरतो. ते बंधनकारक करण्याचा आदेश केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये काढला आणि मग त्याच्या मुदती पुढे ढकलल्या. त्याआधी २०२२ साली दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने बाजारातल्या दहा घड्या तपासल्या होत्या, आणि त्यांत थॅलेट्स, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने, आढळली होती. यावरून लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. द्रव्य आढळणे वेगळे आणि त्याने अपाय झाल्याचे सिद्ध होणे वेगळे. पण तीस-पस्तीस वर्षे, दरमहा, अंगाच्या नाजूक भागाशी जी वस्तू राहते, तिच्याविषयीचा निवाडा एखाद्या संस्थेच्या ऐपतीवर सोडू नये. ते सरकारचे काम आहे.

येथवर वस्तूचे झाले. आता भूमीचे सांगतो. २०१९ सालीच आमच्या मराठवाड्यात आणखी एक सरकारी चौकशी झाली. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. खाडा झाला तर दंड. राहायला पाल, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते. मग कोणी सांगतो, पिशवीच काढून टाक. अशा बाईच्या हाती उत्तमातली उत्तम, सर्व चाचण्यांत उतरलेली घडी दिली तरी ती बदलायची कोठे?

हाच मुद्दा ओडिशातल्या ४८६ स्त्रियांच्या अभ्यासात दिसतो. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा वापरायचे कापड घेणाऱ्यांत जंतुसंसर्ग अधिक आढळला. पण ज्यांच्या घरी अंग स्वच्छ करायला जागा होती, त्यांना काही संसर्गांपासून संरक्षण मिळत होते. म्हणजे सुरक्षितता निम्मी वस्तूत असते आणि निम्मी पाण्यात, उन्हात, आडोशात.

आम्ही शिक्षक हजेरीपट भरतो. आठवी-नववीच्या मुलींच्या नावांपुढे महिन्यातून तीन-तीन, चार-चार दिवस ओळीने गैरहजेरी लागते आणि कारण विचारले की उत्तर येते, ‘पोट दुखत होतं, सर.’ पुढे विचारायला आमची जीभ रेटत नाही आणि सांगायला तिची. वैशाखात कयाधूचे पात्र कोरडे पडते, गावात टँकर येतो, आणि घागरीच्या रांगेत उभ्या असलेल्या त्याच पोरी असतात. या हजेरीपटांतून एक सबंध शास्त्रीय पाहणी उभी राहू शकेल. वहीतच ती आहे; वाचणारा हवा.

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटी रुपये. अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्याही दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल अशी यंत्रे टिपतात. याचा आम्हा हिंगोलीकरांना अभिमान आहे, आणि तो पैसा वाया गेला असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. जो देश कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचे कंपन मोजू शकतो, त्याला दहा रुपयांच्या पुडक्यात काय आहे हे तपासणे अवघड नसावे. त्याला फक्त ते मोजण्याजोगे वाटले पाहिजे.

तोवर आपण आपल्यापुरते काय करावे? पुडके घेताना आयएस ५४०५ची खूण आहे काय ते पाहावे. घडी भरली नाही तरी चार-सहा तासांनी बदलावी. कापड वापरत असाल तर स्वच्छ पाण्याने धुऊन भर उन्हात, सर्वांदेखत वाळत घालावे. पाळी ढकलण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. आणि घरातल्या पुरुषांनी, बापांनी आणि भावांनी, भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर एवढे शिकावे की दुकानातून ते पुडके आपणही आणू शकतो, आणि दुकानदाराला सांगू शकतो, ‘राहू द्या, कागदात गुंडाळायची गरज नाही.’